आतलं पान

बाईंच्या घराचं दार वाजवलं की आधी आतून प्रश्न यायचे आणि मग कडी निघायची. "कोण हाय? कशाला? कुणी सांगितलं?" रोजच्या दूधवाल्याचीही यातून सुटका नव्हती. तो पायरीवर उभा राहून शाळेतल्या मुलासारखं म्हणायचा, "दूधवाला. दूध घालायला. तुमीच सांगितलंय बाई." मग दार उघडायचं. एकदा तो मला म्हणाला, "ताई, माझी म्हसरं मला आवाजावरून वळखतात, बाई काही वळखत न्हाईत." मी ते बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "वळखते की. पण एकदा न इचारता उघडलं की दुसऱ्यांदा इचारायची लाज वाटती."

बाई परभणीत मुलींच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. सुती साडी आणि खाली खडू घासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. लग्नात तेच, बँकेत तेच, मयतीलाही तेच. दांडीची जेन्ट्स सायकल चालवायच्या आणि साडीचा काष्टा घालण्यासाठी कुणाचा आडोसा शोधायच्या नाहीत. शाळा सुटली तरी समोर दिसेल ती बाई त्यांच्यासाठी पोरगीच होती. आमच्या क्लबातल्या डॉक्टर पन्नाशी ओलांडलेल्या, घरात सून आलेली. बाई त्यांनाही "ए पोरी, पाठ ताठ कर" म्हणायच्या. डॉक्टर पाठ ताठ करायच्या आणि नंतर आमच्याकडे बघून कपाळाला हात लावायच्या.

हा क्लब म्हणजे बायकांचा सायकल क्लब. दर रविवारी पहाटे आम्ही निघायचो. कधी वसमत रोडला, कधी गंगाखेड रोडला, कधी पिंगळीपर्यंत. मी कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकवते. बदली होऊन परभणीला आले तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं आणि वजन वाढलेलं होतं, म्हणून या क्लबात शिरले. शिरले म्हणजे बाईंनी शिरू दिलं. नव्या बाईला त्या एकटीला सोबत घेऊन पिंगळी स्टेशनपर्यंत न्यायच्या. वाटेत एक शब्द बोलायच्या नाहीत. स्टेशनच्या बाकावर बसायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. समोरची बोलली तर ऐकून घ्यायच्या. परत आल्यावर "ये रविवारी" म्हणाल्या की तुम्ही सदस्य. मी विचारलं होतं, की न बोलता तुम्हाला कळतं काय? त्या म्हणाल्या, "सायकलवर माणसाला लय वेळ खोटं बोलता येत न्हाई. दम लागतो."

वेबसाईटची कल्पना डॉक्टरांची. आपण एवढं चांगलं काम करतो ते लोकांना दिसायला नको का, असं त्यांचं म्हणणं. करणारी अर्थात मी. पहिल्या पानावर क्लबची माहिती आणि फोटो. पण एक पान फक्त सदस्यांसाठी हवं होतं, कारण मध्यंतरी आमच्यातली एक जण वसमत रोडला पडून बेशुद्ध झाली होती आणि तिच्या घरी कुणाला फोन लावायचा हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. म्हणून त्या पानावर प्रत्येकीचा पत्ता, फोन, रक्तगट, घरच्या माणसाचा नंबर, शिवाय पुढच्या रविवारी कुठून निघायचं आणि कुठं जायचं ते. बाई त्याला "आतलं पान" म्हणायच्या. मग सगळ्याच म्हणायला लागल्या.

ते पान कसं बंद राहतं हे मी बाईंना समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की कॉलेजात कुणी कधी विचारले नव्हते. प्रत्येकीला वेगळा पासवर्ड कशाला, एकच का नको, हे त्यांना पटकन पटलं. "एकीनं घालवला तर सगळ्यांचं जाऊ नये," त्या म्हणाल्या. अडलं ते भलतीकडेच. पासवर्डाच्या चौकटीखाली निळ्या अक्षरांत 'पासवर्ड विसरलात?' असं असतं, त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय हाय?"

"विसरलं तर इथं दाबायचं. ईमेलवर नवीन मिळतो."

"ईमेल कुठं बघायची?"

"आपल्याच फोनवर."

"तुझ्या घरी तुझा फोन कोण कोण उघडतं?"

मी विचार केला. मुलगा उघडतो. नवरा उघडतो. सासूबाई त्यावर भजनं ऐकतात.

"काढून टाक ते," बाई म्हणाल्या. "जी विसरंल तिनं माझ्याकडं यावं."

मी काढून टाकलं. तेव्हापासून पासवर्ड विसरलेली बाई बाईंच्या ओसरीवर यायची, प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि कधीकधी शिक्षा म्हणून पिंगळीला जाऊन यायची. बँकेतल्या एका सदस्याचा गुडघा दुखरा होता. ती दोनदा विसरली, दोनदा गेली आणि दोन्ही वेळा मला मनसोक्त शिव्या घालत परत आली. हे सगळं गमतीचंच होतं असं नाही. एक नर्स मुलगी ड्युटी संपवून गणवेशातच क्लबची चौकशी करायला आली होती. बाईंनी दारातून असे काही प्रश्न विचारले की ती पायरीवरूनच परत गेली आणि पुन्हा आली नाही. बाई नंतर बरेच दिवस मला अधूनमधून विचारायच्या, "ती पोरगी आली का गं?" मी नाही म्हटलं की सायकल पुसायला लागायच्या. चुकलं असं मात्र म्हणाल्या नाहीत.

बाई अशा का, याच्या क्लबात बऱ्याच कथा होत्या. लग्न मोडलं म्हणून. शाळेत कुठल्या मुलीचं काही झालं म्हणून. एकदा चहा गाळता गाळता मी सरळ विचारलं, की बाई, तुमच्या आयुष्यात काही झालं होतं का? त्यांनी गाळणी खाली ठेवली.

"काही न्हाई झालं. माझं लय बरं गेलं. काही व्हायलाच पायजे का? दाराला कडी लावायला आधी चोरी व्हायला पायजे का?"

वर्षाला आमच्याकडे कमलनं आणलं. कमल पोलीस शिपाई, आमच्या क्लबाची जुनी सदस्य. वर्षा पिंगळीला जाऊन आली आणि बाई "ये रविवारी" म्हणाल्या. एवढंच आम्हाला कळलं. ती एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करायची आणि एका शिक्षिकेकडे खोली घेऊन राहायची. सायकल सुरेख चालवायची. हसायची कमी. सोनपेठ तालुक्यातल्या एका गावात तिचं सासर होतं, नवऱ्याचं खताबियाण्याचं दुकान होतं, आणि ती तिथून जिवाच्या भीतीनं निघून आली होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं. कोर्टानं नवऱ्याला तिच्या जवळ जायला मनाई केलेली होती. ती कुठं राहते हे त्याला माहीत नव्हतं. क्लबाच्या आतल्या पानावर मात्र तिचा पत्ता होता, कारण बाईंचा नियम सगळ्यांना सारखा.

मग एका कार्यक्रमाचा फोटो पेपरात आला. डॉक्टरांनी दिला होता, चांगल्या हेतूनं. आम्ही सगळ्या हेल्मेट घालून उभ्या होतो आणि कडेला वर्षा. बाईंनी तो पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि दाराची कडी पुन्हा एकदा लावून बघितली.

तो आला तेव्हा मी बाईंच्या घरातच होते. खिडकीशी बसून लॅपटॉपवर रविवारचा रस्ता टाकत होते. दार वाजलं. बाईंनी प्रश्न विचारले. बाहेरून शांत, गोड आवाजात उत्तरं आली. सोनपेठकडून आलोय. बायकोला भेटायचंय. पेपरात फोटो बघितला. बाईंनी दार अर्धं उघडलं आणि त्या चौकटीत उभ्या राहिल्या. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. दिसायला चारचौघांसारखा, थोडा थकलेला.

"घरात जरा वाजलं मावशी. माझी आई आजारी हाय. एकदा भेट घालून द्या, बाकी काही न्हाई."

"नाव काय तुमच्या बायकोचं?"

त्यानं सांगितलं.

"मला नावं ध्यानात राहत न्हाईत," बाई म्हणाल्या.

"तुमच्या वेबसाईटवर असंल की. मी बघितली. आत जाऊ देत न्हाई ती."

"असंल."

"मग बघून सांगा."

"मला बघता येत न्हाई."

हे खरं होतं. बाईंचा फोन साधा, बटणांचा. आतल्या पानाचा पासवर्ड क्लबात ज्यांनी कधी घेतलाच नाही अशा त्या एकट्या. मला कशाला पायजे, म्हणाल्या होत्या.

त्यानं बाईंच्या खांद्यावरून आत बघितलं. "त्या ताई सांगतील बघून."

मी लॅपटॉप मिटला. मिटल्याचा आवाज मला स्वतःलाच मोठा वाटला. तो हसला. पेढ्यांचा पुडा त्यानं पायरीवर ठेवला. "बरं. येतो मावशी. दार लय मजबूत हाय तुमचं."

पेढे बाईंनी उचलले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांना मुंग्या लागल्या.

त्यानंतर गल्लीच्या तोंडाला एक जीप उभी राहायला लागली. रोज नाही. दोन दिवस दिसायची नाही, मग पुन्हा. क्लबातल्या दोघी-तिघींना फोन आले. वेबसाईटच्या कंपनीतून बोलतोय, तुमचा पासवर्ड तपासायचाय. बँकेतली म्हणाली, "मलाच आठवत न्हाई तर तुमाला काय सांगू?" आणि फोन ठेवला. ती सांगताना आम्ही हसलो, पण त्यात जोर नव्हता. आम्ही निघायच्या जागा बदलल्या. सायकल चालवताना मागून गाडीचा आवाज आला की सगळ्या एकदम कडेला सरकायच्या. कमलनं ठाण्यात सांगून बघितलं. सार्वजनिक रस्त्यावर जीप उभी आहे, त्यानं तिला गाठलेलं नाही, बोललेलाही नाही, मग कशावर धरायचं, असं उत्तर आलं.

डॉक्टरांनी बाईंच्या ओसरीवर बैठक बोलावली. त्या घाबरल्या होत्या आणि त्यांचं घाबरणं खोटं नव्हतं. "मला तिच्याबद्दल वाईट वाटतं. पण एकीसाठी एवढ्या जणींना आपण धोक्यात घालायचं का? काही झालं तर घरच्यांना काय सांगू आपण?"

काही जणींनी मान हलवली. वर्षा खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "डॉक्टर बरोबर बोलतायत. मी उद्यापासून येत न्हाई. माझं नाव काढून टाका."

"बस खाली," बाई म्हणाल्या.

"बाई, पण..."

"बस म्हणलं ना."

ती बसली. बाई डॉक्टरांकडे वळल्या. "तुझं भ्यायचं बरोबर हाय. मी पण भ्यायलेय. ज्यांना घरी राहायचंय त्यांनी चार रविवार घरी राहा, मी नावं काढणार न्हाई. हिचं पण काढणार न्हाई. आज हिचं काढलं तर उद्या कुणाच्या नवऱ्यानं जीप आणली की तिचं काढायचं. मग आतल्या पानावर राहील कोण?"

पुढच्या रविवारी आम्ही निम्म्याच होतो.

त्याच आठवड्यात एक नवी बाई आली. मंगल नाव सांगितलं. वजन कमी करायचंय म्हणाली. वजन काही नव्हतंच तिला. बाई मला म्हणाल्या, "आज तू पण चल." आम्ही तिघी पिंगळीला निघालो. मंगलला सायकल येत होती, पण बऱ्याच वर्षांनी चालवत असावी. हँडल घट्ट धरलेलं, बोटांची पेरं पांढरी पडलेली. वाटेत तिनं एकच विचारलं, "सदस्य झालं की फोनवर सगळ्यांचे पत्ते दिसतात ना?" बाई पायडल मारत राहिल्या.

स्टेशनच्या बाकावर बसलो. बाईंनी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. समोरून एक मालगाडी जायला लागली, ती बराच वेळ जात होती. ती गेल्यावर मंगल म्हणाली, "मी त्याची बहीण हाय."

मी उठले. बाईंनी माझ्याकडे न बघता माझा हात धरून मला खाली बसवलं.

"मला नवऱ्यानं टाकलंय," मंगल म्हणाली. "भावाकडं राहते. त्याचंच खाते. त्यानं सांगितलं पत्ता काढून आण. वहिनी चांगली होती ओ. माझ्या डोक्याला तेल लावायची." मग ती रडायला लागली.

बाईंनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "मोकळ्या हातानं गेलीस तर काय करंल तो?"

मंगलनं फक्त पदर सारखा केला. दंडावर एक जुना आणि एक नवा, असे दोन काळे डाग होते.

"जायला कुठं जागा हाय का तुला?"

"मावशी हाय लातूरकडं. ये म्हणती. पण तो घरात असला की मला दाराबाहेर एकटीला जाऊ देत न्हाई. आजच सोडलं, तेबी परभणीत स्टेशन रोडला जीप उभी करून बसलाय."

बाईंनी तिच्या हातातली बाटली घेऊन झाकण लावलं. परत येताना त्यांनी सायकल माझ्या बाजूला घेतली आणि विचारलं, "दोन सदस्यांना दोन वेगळी पानं दाखवता येतात का गं?"

येतात, मी म्हटलं.

दुपारी बसून मी मंगलसाठी वेगळं आतलं पान केलं. बघायला अगदी आमच्यासारखं. त्यात पत्ता, फोन कुणाचाच नव्हता. फक्त रविवारचा रस्ता होता, आणि तो बाईंनी सांगितला. देवगाव फाटा, सेलू तालुक्यात. सकाळी तिथल्या हॉटेलपाशी सगळ्या जमणार, वर्षा धरून. मी म्हटलं, "बाई, एवढ्या लांब कशाला? पिंगळीच टाकू. कमल पोलीस घेऊन येणार आहे, त्यांनाही बरं पडेल."

"लांबच टाक," बाई म्हणाल्या. "जेवढं लांब तेवढं बरं."

मी समजले की शहरापासून, वर्षापासून लांब. मंगलच्या फोनवर मी ते पान उघडून देईपर्यंत बाई तिला आत घेऊन काहीतरी समजावत होत्या; मग तिनं जाऊन भावाला पान दाखवलं.

रविवारी कमल, बाई आणि मी तीन सायकली टेम्पोत टाकून देवगाव फाट्याला गेलो. कमलनं आपल्या साहेबांशी बोलून ठेवलं होतं. साध्या कपड्यातले दोन पोलीस हॉटेलात पोहे खात बसले होते. वर्षा परभणीत एका सदस्याच्या घरी होती. सगळं ठरलेलं होतं. एसट्या येत होत्या, माणसं उतरत होती, चढत होती. बाई बाकड्यावर ताठ बसून बशीतला चहा पीत होत्या. 

जीप आली. मागच्या खिडक्यांना पडदे लावलेले. तो उतरला, पाठोपाठ दोन माणसं उतरली आणि दाराशीच थांबली. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

"मावशी, बाकीच्या कुठायत?"

"येतील. तुमाला कोण पायजे?"

"तुमाला ठाऊक हाय कोण पायजे." त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. मग माझ्याकडे. "ताई, फोन काढा. कुठवर आल्यात त्या, बघा."

मी हलले नाही. त्यानं माझ्या मनगटाला धरलं आणि दुसऱ्या हातानं फोन ओढून घेतला. मनगट पिरगळलं गेलं. "उघड," तो म्हणाला. पहिल्यांदाच अगं-तुगं केलं आणि आवाज अजिबात न चढवता केलं. मला त्या हळू आवाजाचीच जास्त भीती वाटली. त्या फोनमध्ये खरं आतलं पान होतं. वर्षाचा खरा पत्ता होता.

बाई आमच्या दोघांच्या मध्ये आल्या. त्या उंचीला त्याच्या खांद्यापर्यंतही नव्हत्या. "तिचा हात सोड. तुला काय पायजे ते मला सांग. जरा मोठ्यानं सांग, मला कमी ऐकू येतं."

बाईंना सगळं ऐकू यायचं. शेवटच्या रांगेतली कुजबुज त्यांना मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कळायची.

"बायको पायजे," तो म्हणाला.

"काय?"

"माझी बायको."

"कोर्टानं मना केलंय म्हणं तुला?"

"कोर्ट गेलं खड्ड्यात." आता त्याचा आवाज चढला होता. "माझी बायको हाय. आज गाडीत घालून न्यायला आलोय. नीट आली तर नीट, न्हाई तर पाय मोडून नेतो. ऐकलंस का म्हातारे?"

हॉटेलातल्या सगळ्यांनी ऐकलं. पोहे खाणाऱ्या दोघांनी बशा खाली ठेवल्या. कमल माझ्या मागून पुढे झाली आणि तिनं त्याच्या हातातून माझा फोन काढून घेतला. जीपपाशी उभी होती ती दोन माणसं पळाली, त्यातला एक लगेच सापडला. यात फारशी झटापट झाली नाही. तो एकदम थकल्यासारखा बाकड्यावर बसला आणि म्हणाला, "बहिणीनं फसवलं मला." मग बाईंकडे बघून म्हणाला, "घरी जाऊन बघतो तिच्याकडं."

मग माझ्या लक्षात आलं. आम्ही वर्षाला वाचवलं होतं आणि मंगलला त्याच्या हाती दिलं होतं. उद्या-परवा जामीन झाला की तो घरी जाणार. परतताना टेम्पोत मी बाईंना तसं म्हटलं. बाई सायकलचं चाक धरून बसल्या होत्या. त्यांनी पदराला बांधलेला बटणांचा फोन काढला आणि वेळ बघितली.

"ती निघाली असंल. सोनपेठहून परळीची एसटी, तिथून पुढं लातूर. तो घरातून निघाला की पेटी उचलायची, असं ठरलं होतं."

"म्हणजे देवगाव फाटा..."

"त्याला जायला यायला वेळ लागावा म्हणून. धरला गेला न्हाई तरी तेवढा वेळ मंगलला मिळाला असता." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "ती पण आपली सदस्य हाय ना. पिंगळीला आली होती."

क्लबात हे कळल्यावर डॉक्टर फार संतापल्या. कुणालाही न विचारता तुम्ही पोलिसांची कामं करता, उद्या आमच्यातली एखादी जिवानिशी गेली असती, असं त्या सगळ्यांसमोर बोलल्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर हाय तुझं," म्हणाल्या. "पण इचारलं असतं तर तू जाऊ दिलं असतंस का?" डॉक्टर उठून गेल्या. पुढं कितीतरी महिने त्या बाईंशी बोलल्या नाहीत. रविवारी यायच्या, पण रांगेत अगदी मागे राहायच्या. काही जणींनी क्लबच सोडला. बाईंनी त्यांना थांबवलं नाही. त्या गेल्याचं बाईंना लागलं होतं, हे मला त्यांच्या चालण्यावरून कळायचं. आता त्या कधीकधी सायकल हातात धरून चालत घरी जायच्या.

वर्षाच्या नवऱ्यावर खटला भरला गेला, तो अजून चालू आहे. वर्षानं मधल्या काळात दुसऱ्या शहरात नोकरी शोधली. निघायच्या दिवशी ती बाईंना भेटायला आली, तेव्हा मी तिथं होते. तिनं शहराचं नाव सांगायला तोंड उघडलं तसं बाईंनी हात वर केला. "मला सांगू नको. मला माहीत नसलं की इचारणाऱ्याला खोटं सांगावं लागत न्हाई." वर्षा वाकून पाया पडली. बाईंनी तिच्या सायकलच्या चाकातली हवा अंगठ्यानं दाबून बघितली आणि "जा" म्हणाल्या. एवढाच निरोप. मला तेव्हा बाई कोरड्या वाटल्या होत्या.

तिचं नाव आतल्या पानावर तसंच राहिलं, पत्ता तेवढा मी पुसला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एका सकाळी मी कॉलेजला जायच्या आधी वेबसाईटचं काही काम करत होते आणि मला दिसलं की आदल्या दिवशी वर्षानं आतलं पान उघडलं होतं. मला इतका आनंद झाला की कॉलेज सोडून मी तशीच बाईंकडे गेले. दारातल्या प्रश्नांची उत्तरं दिली. बाई ओट्यापाशी भाकरी थापत होत्या.

"बाई, वर्षानं काल आतलं पान उघडलं."

त्यांचा हात थांबला. "नीट उघडलं? अडलं तर न्हाई?"

"नीट उघडलं. बराच वेळ बघत होती. सगळ्यांचे फोटो बघितले." मग मला राहवलं नाही. "कोणत्या गावाहून बघितलं, सांगू?"

बाईंनी भाकरी तव्यावर टाकली. तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. मग माझ्याकडे वळल्या.

"तुला ते दिसतं?"

"दिसतं की. कुणी, कधी, कुठून उघडलं, सगळं दिसतं मला."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"माझं म्हणणं, तू कुठंय, काय करायलीस, हे कुणाला दिसलं तर तुला चालंल का?"

मी ओट्यावर सांडलेलं पीठ बोटानं गोळा करत राहिले.

"मग ते पण बंद कर," बाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

मला वाईट वाटलं. थोडा रागही आला. इतकी वर्षं ते पान मी सांभाळलं, माझं मनगट पिरगळलं गेलं, तरी बाईंच्या लेखी मीही दाराबाहेरचीच. पण त्यांनी ताट वाढलं, मला बसवलं, गरम भाकरीवर तुपाची धार सोडली आणि मी जेवून उठेपर्यंत दुसरं काही बोलल्या नाहीत.

घरी येऊन मी ती नोंद बंद केली. बंद करण्याआधी वर्षाच्या नावापुढचं ते गाव पुन्हा एकदा वाचावंसं वाटलं. वाचलं नाही. आता बाई नाहीत, माझीही बदली झाली, वेबसाईट कमलची मुलगी बघते. वर्षा अजून ते पान उघडते की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.